वंदनाचं अक्षर

मी आता भाईंदरला राहते, पण मतदार यादीत माझं नाव अजून बोरिवलीतच आहे. दर वेळी ते बदलून घ्यायचं ठरवते आणि दर वेळी राहून जातं. खरं तर राहू देते. त्या नावाच्या निमित्ताने अधूनमधून मला माझ्या शाळेत जायला मिळतं. आमचं मतदान केंद्र तिथेच असतं, तळमजल्यावर, पाचवी-सहावीच्या वर्गांत.

या वेळी रांग पार जिन्याच्या पायथ्यापर्यंत आली होती. शाळेच्या मागे नॅशनल पार्कची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे सातविणीची झाडं. नोव्हेंबरातली सकाळ. सातवीण फुलली की तिचा वास आधी गोड वाटतो, मग जड होतो, आणि थोड्या वेळाने डोकं धरायला लावतो. तरी मी तो छाती भरून घेत उभी होते. माझ्या पुढचे आजोबा मागे वळून म्हणाले, "क्यू हलतच नाहीये हो." मी नुसती मान डोलावली. त्यांच्या त्या एका शब्दाने माझ्या आत तीन आवाज एकामागून एक बोलून गेले होते. क्यू. यू. ई. यू. ई. पहिला आवाज जाड आणि बेधडक, दुसरा घाईतला, तिसरा तोंडातल्या तोंडात. पहिला वंदनाचा, दुसरा हेमंतचा. तिसरा माझा.

आम्ही आठवीत होतो. मराठी माध्यम. इंग्रजी आमच्याकडे पाचवीत आलं आणि ते पाहुण्यासारखंच राहिलं. त्याच्यासमोर नीट बसायचं, फार बोलायचं नाही. अशात एक दिवस इंग्रजीच्या सावेबाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, अंधेरीला एका मोठ्या इंग्रजी शाळेत स्पेलिंग बी आहे, तिघातिघांचे संघ असतात, या वर्षी आपणही जायचं.

"बी म्हणजे?" वंदना शिरसाटने बसल्या जागेवरूनच विचारलं.

"बी म्हणजे मधमाशी," पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"मग चुकलं की चावणार का, बाई?"

वर्ग हसला. बाईही हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मला पण नीट माहीत नाही गं. मीसुद्धा पहिल्यांदाच चाललेय. आपल्याकडे बी म्हणजे पेरायची बी. सध्या तेवढं धरून चालू या."

बाईंनी वंदनाला, हेमंत परबला आणि मला निवडलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. वर्गात आमच्याहून हुशार मुलं होती. वंदना धीट होती, हेमंतला पाठांतर पटकन व्हायचं, आणि मी, मला वाटतं, ऐकायचे. दुसरं काही माझ्यात होतं असं मला तरी आठवत नाही.

त्या स्पर्धेचा नियम विचित्र होता. एका शब्दाचं स्पेलिंग एकाने सांगायचं नाही. तिघांनी ओळीत उभं राहायचं आणि एकेकाने एकेक अक्षर बोलायचं, पुन्हा पहिल्यावर यायचं, असं शब्द संपेपर्यंत. आपापसात बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. म्हणजे तिघांच्या डोक्यात एकच शब्द, एकाच वेळी, एकाच चालीने असायला हवा. पहिल्या दिवशी आम्हाला 'स्कूल'सुद्धा धड जमलं नाही. हेमंत स्वतःचं अक्षर बोलून वंदनाचंही बोलून टाकायचा. वंदना त्याला कोपर मारायची. "माझं अक्षर खातोस होय रे? घरी जेवला नाहीस?"

सराव वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत चालायचा, कारण शाळा सुटल्यावर तेवढीच खोली रिकामी असायची. गंधकाचा आणि स्पिरिटचा वास. काचेच्या बरणीत एक पांढरा पडलेला साप. खिडकीबाहेर सायकल स्टँडचा पत्रा, आणि त्या पत्र्यावर पार्कातून आलेली माकडं. एकदा 'एलिफंट' चालू असताना एका माकडाने हेमंतचा डबा पळवला. वंदना 'ई' म्हणाली आणि पुढचं अक्षर येईचना. पाहतो तर हेमंत अर्धा खिडकीबाहेर लोंबकळून माकडाला मालवणीत शिव्या घालत होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "परब, एल."

"एल!" तो बाहेरूनच ओरडला.

बाईंनी आम्हाला एक गोष्ट शिकवली ती अजून मनात आहे. फळ्यावर त्यांनी 'वेन्सडे' लिहून दाखवला आणि म्हणाल्या, "इंग्रजी शब्दाला दोन नावं असतात. एक पाळण्यातलं, एक हाकेचं. पाळण्यात नाव ठेवतात दामोदर आणि हाक मारतात बाळू, तसं. लिहिताना पाळण्यातलं आठवा." मग आम्ही शब्दांची पाळण्यातली नावं शोधायला लागलो. वेड-नेस-डे. क्नाइफ. इसलँड. को-लो-नेल. वंदनाला लिओपार्ड फार आवडायचा. तिचं घर पार्कच्या अगदी कडेला होतं, पत्र्याचं, आणि तिथे काही रात्री बिबट्या करवत चालवल्यासारखा आवाज करत जायचा. "आज आमच्या लिओपार्डला विचारते," ती म्हणायची, "लोक तुला लेपर्ड म्हणतात ते चालतं का तुला?"

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं चालत निघायचो आणि वाटेवरच्या पाट्या वाचायचो. मेडिकल, टेलर, हेअर कटिंग सलून. वंदना, हेमंत, मी. वंदना, हेमंत, मी. आधी अडखळायचो, मग हळूहळू पावलांची चाल आणि अक्षरांची चाल एक होत गेली. लोक वळून बघायचे. इस्त्रीवाला भय्या विचारायचा, "क्या हो गया बच्चा लोग को?" कधी हेमंतच्या घरी थांबायचो. त्याची आई आंबोळ्या घालत असायची. तव्यावरचा तो चर्र आवाज, काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास, आणि आम्ही दारात बसून एकेक अक्षर फेकत. "आधी खावन घेवा, मगे काय ता बडबडा," त्या म्हणायच्या. कधी वंदनाच्या घरी. तिथे तिची आई चुलीवर ज्वारीची भाकरी थापायची आणि ठेच्याबरोबर हातावर ठेवायची. दारासमोर वाळक्या पानांची आग, आणि त्या धुरात मिसळलेली सातवीण. माझं घर इमारतीत होतं, तिसऱ्या मजल्यावर. तिथे बसायला खुर्च्या होत्या, पण आम्ही माझ्याकडे क्वचितच जायचो.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा वंदना आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कळलं की पार्कच्या कडेची ती घरं सुट्टीतच पाडली होती. मी आणि हेमंत संध्याकाळी तिथे गेलो. घर जिथे होतं तिथे फोडलेल्या लादीचे तुकडे होते आणि मोरीची एक भिंत उभी होती. चूल तशीच होती, राखेसकट. शेजारी एक बाई पत्रे बांधत होती. ती म्हणाली, "शिरसाट ना? मानखुर्दला गेलेत, त्यांच्या मावशीकडं का कुणाकडं." मानखुर्द आम्ही फक्त नावाने ऐकलं होतं. तिकडे कसं जायचं, तेही आम्हाला माहीत नव्हतं.

मुख्याध्यापकांनी बाईंना सुचवलं, तिसरी मुलगी घ्या, वेळ आहे अजून. बाईंनी आमच्याकडे पाहिलं. हेमंत एरवी मुख्याध्यापकांसमोर मान वर करत नसे. तो म्हणाला, "नको सर. तिचं अक्षर आम्ही रिकामं ठेवू."

आणि आम्ही खरंच तसा सराव केला. रोज, त्याच खोलीत. पहिलं अक्षर यायचं तिथे आम्ही थांबायचो. एक श्वास. मग हेमंत, मग मी. पुन्हा एक श्वास. बाई खुर्चीत बसून ऐकायच्या आणि त्या रिकाम्या जागेलाही मान हलवायच्या. त्या शांततेत माकडांच्या उड्या ऐकू यायच्या, खालच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायचं, आणि मला शपथेवर सांगता येईल, वंदनाचा आवाजही यायचा. आजवर मी कुणाची इतकी नीट वाट पाहिलेली नाही.

मधल्या काळात बाईंनी काय केलं ते आम्हाला नंतर समजलं. वंदनाचे पप्पा साकीनाक्याला एका लेथच्या कारखान्यात कामाला होते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर त्या बस धरून साकीनाक्याला जायच्या आणि गल्ल्यांमधल्या एकेका गाळ्यात डोकावून विचारायच्या, "शिरसाट आहेत का इथे?" त्यांना ते कोणत्या दिवशी सापडले, काय बोलणं झालं, माहीत नाही. आम्हाला त्या एवढंच म्हणाल्या, "निरोप दिलाय. बघू."

स्पर्धेच्या सकाळी आम्ही अंधेरीच्या त्या शाळेच्या फाटकाशी उभे होतो. आतून पियानो ऐकू येत होता. मुलं गाड्यांतून उतरत होती, त्यांचे बूट आरशासारखे. हेमंत सारखा रस्त्याकडे बघत होता. आमचं नाव पुकारायची वेळ आली तरी आम्ही फाटकातच. आणि मग रस्त्याच्या पलीकडून ती आली, पप्पांचा हात धरून, गाड्या थांबवत. अंगात आमच्याच शाळेचा गणवेश होता, पण कुणाचा तरी मोठ्या मापाचा. बाह्या दुमडलेल्या, कमरेला सेफ्टी पिन. केसांना धुराचा वास. ती आमच्यापाशी येऊन थांबली. धाप लागलेली.

"कसं आहे तुझं..." मी सुरुवात केली.

"ते नंतर," ती म्हणाली. "रेस्टॉरंटमध्ये ए आधी का यू?"

"ए!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

सभागृहात मखमली पडदे होते आणि एसीचा थंड, कोरा वास. पप्पा अगदी मागच्या रांगेत बाईंशेजारी बसले. शब्द सांगणाऱ्या मॅडम टेबलामागे, टेबलावर घंटी. चुकलं की घंटी वाजायची, दोनदा वाजली की संघ बाद. आमचा पहिला शब्द आला, "कर्नल."

कर्नल आम्हाला माहीत होता. मराठीत रोज म्हणतो की आपण, कर्नल साहेब. पण सरावातला आमचा को-लो-नेल तो हाच, हे त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. वंदना ठासून म्हणाली, "के."

घंटी वाजली.

आणि मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. दोन मोठे, राकट हात. पप्पांना वाटलं घंटी म्हणजे बरोबर. आख्खं सभागृह वळून हसायला लागलं. वंदनाचा चेहरा बघवेना. तेवढ्यात आणखी दोन हात वाजू लागले. सावेबाई. मान ताठ, चेहऱ्यावर एक रेघ हललेली नाही, पप्पांच्या टाळ्यांना टाळ्या मिळवत राहिल्या. पप्पा थांबले तेव्हाच त्या थांबल्या. मग त्यांच्याकडे झुकून हळूच काहीतरी सांगितलं. पप्पांनी मान खाली घातली, आणि मग वर करून लेकीला हात दाखवला.

दुसरी फेरी आली. मॅडम म्हणाल्या, "नाइट."

वंदना गप्प. रात्रीला नाइट म्हणतात, ते तर पाचवीतल्या मुलालाही येतं, मग ही थांबली का? तिने हात वर केला. "मॅडम, मीनिंग प्लीज."

अर्थ विचारता येतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते आधीच्या मुलांचं बघून उचललं होतं. मॅडम काहीतरी लांबलचक बोलल्या. त्यातलं मला 'हॉर्स' तेवढं कळलं. रात्रीत घोडा कुठला? वंदनाने डोळे मिटले. मघाशी एका अक्षराने तिचा घात केला होता. तेच अक्षर पुन्हा तोंडातून काढायचं होतं.

"के," ती म्हणाली.

घंटी वाजली नाही.

"एन," हेमंत. "आय," मी. "जी." "एच." "टी." रात्र नव्हे, घोड्यावरचा सरदार.

त्यानंतर काय झालं ते मला शब्दांपेक्षा चालीनेच आठवतं. आम्ही बोरिवलीच्या रस्त्यावरून चालत होतो जणू. वंदना, हेमंत, मी. मध्येच 'क्यू' शब्द आला. वंदना म्हणाली, "क्यू." मॅडम वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येस, द वर्ड इज क्यू. प्लीज स्टार्ट."

"स्टार्टेड, मॅडम," वंदना म्हणाली.

सभागृह पुन्हा हसलं, पण या वेळी तिच्याबरोबर हसलं. मला तो फरक तिथे उभ्या उभ्या कळला. हेमंतने हसू दाबत 'यू' म्हटलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला होता.

शेवटी आम्ही आणि त्याच शाळेचा संघ, असे दोनच उरलो. 'प्लेराइट' या शब्दावर आम्ही हरलो. जी यायला हवा होता तिथे हेमंत 'टी' म्हणाला. बाहेर आल्यावर तो बाईंशी भांडत होता, "नाटक लिहितो ना तो? मग राइटच ना! ते जीएच कुठून आलं मध्येच?"

"नाटकवाले आहेत रे ते," बाई म्हणाल्या. "असंच करतात."

फाटकाबाहेर उसाच्या रसाचा गाडा होता. बाईंनी सगळ्यांना रस दिला. पप्पांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. बोटांच्या रेषांत काळं ग्रीस. ते म्हणाले, "बाई, आमच्या पोरीला तुम्ही शोधत आलात." बाई चरकाकडे बघत राहिल्या. वंदना, हेमंत आणि मी फुटपाथवर बसून एकमेकांच्या फेसाच्या पांढऱ्या मिशा पुसत होतो. आल्याचा, लिंबाचा वास होता. डिसेंबरचं कोवळं ऊन. तिचं घर, तिची नवी शाळा, यातलं आम्ही काहीच बोललो नाही. आमच्यासाठी ती परत आली होती, एवढंच खरं होतं. मग पप्पा उठले, ती उठली. "चल यार, येते," म्हणाली. आणि बसस्टॉपकडे चालू लागली, त्या मोठ्या मापाच्या गणवेशात, बाह्या पुन्हा दुमडत.

त्यानंतर आम्ही तिला पाहिलं नाही.

मत देऊन मी बाहेर आले तेव्हा बोटावरची शाई अजून ओली होती. वर जायच्या जिन्याला दोरी बांधली होती. तिथल्या पोलिसाला म्हटलं, मी इथली विद्यार्थिनी आहे, वर एकदा बघून येऊ का? तो म्हणाला, "आज नाही मॅडम, आज कुणालाच नाही." मी मैदानाच्या कठड्यावर बसले आणि हेमंतला फोन लावला. तो बदलापूरला असतो. वाढदिवसाला, सणावाराला आम्ही बोलतो. सावेबाई गेल्याचं त्यानेच मला कळवलं होतं.

"शाळेत बसलेय," मी म्हटलं.

"आयला! सातवीण फुललीय?"

"डोकं उठलंय वासाने."

तो हसला. मग म्हणाला, "तुला एक सांगू? हसू नको. मी एकदा मानखुर्दला गेलो होतो. नवीन नोकरी लागली होती तेव्हा. शोधायला."

"कुणाला?" मी उगाच विचारलं.

"कुणाला काय! संध्याकाळभर फिरलो. एका म्हाताऱ्याने एका घरी नेलं. वंदना शिरसाट बाहेर आली. सहा-सात वर्षांची असेल. हातात बॅट. मी तिला चॉकलेट दिलं आणि परत आलो. कुणाला बोललो नाही. बोलणार काय?"

मैदानावर लोक बोटं वर करून फोटो काढत होते.

"मीपण गेले होते," मी म्हटलं.

"काय?"

"कॉलेजात असताना. सगळ्या इमारती एकसारख्या. नळावरच्या बायका विचारायला लागल्या, कुठले शिरसाट, बीडचे की लातूरचे? मला माहीतच नव्हतं रे. तिचं गाव कुठलं, ते आपण कधी विचारलंच नाही."

त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली, कुणी तरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"जालना," तो म्हणाला. "तिची आई म्हणाली होती एकदा, भाकरी देताना. जालन्याकडचे."

"नक्की?"

"नक्की."

मी उठून उभी राहिले. "रविवारी काय करतोयस?"

"काही नाही." मग म्हणाला, "मानखुर्दला उतरायचं कुठल्या बाजूला, ते आठवतंय का तुला?"

"नाही. विचारू."